गॅस भरण्याआधी: गाडीच्या एसीतला बिघाड शोधायचा कसा

माझ्या हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात पातळ दांडीचा एक साधा थर्मामीटर असतो आणि एसीतला दाब मोजणाऱ्या गेजचा सेट तळाशी. हे मुद्दाम केलंय. गेज काढायचं तर आधी बाकी सगळं उचलावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पुष्कळ गाड्यांचं दुखणं गेज न लावताच कळून जातं.

गाडी घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच येतो: "कूलिंग कमी झालंय, गॅस भरून द्या." पण गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, वापरला आणि संपला असं व्हायला. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत राहतो. वर्षानुवर्षांत रबरी होजमधून, कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडासा झिरपतो हे खरं. पण गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा कमी पडत असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत नवा गॅसही त्याच वाटेनं जाणार. मी शिकत होतो तेव्हा पहिली दोन वर्षं मीही काटा खाली दिसला की गॅस सोडायचो. तीच गाडी दोन महिन्यांनी परत आली की मान खाली जायची. वस्तादांनी तेव्हा एक सवय लावली: आधी विचार, मग हात लाव, मग मोज, आणि गेज सगळ्यात शेवटी. खाली सांगतोय तो क्रम तोच आहे. गेजपर्यंतचा बराचसा भाग गाडी चालवणाऱ्या कुणालाही स्वतः करता येईल.

आधी एवढं ऐका. इंजिन चालू असताना बोनेटखाली हात घालायचा तर ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बाजूला ठेवा. पुढचा इलेक्ट्रिक पंखा कधीही अचानक सुरू होतो. एसीच्या पाइपाचा कुठलाही नट हौसेनं सैल करू नका. आतला द्रव बाहेर येताच उकळतो आणि कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही. त्या गाड्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, तिथलं काम शिकलेल्या माणसाचंच.

आतलं चक्र, अगदी थोडक्यात

कॉम्प्रेसर गॅस दाबून गरम करतो. तो गरम गॅस रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, बाहेरच्या हवेनं निवतो आणि द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा नि कचरा धरून ठेवतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये फवारला जातो, तिथं दाब एकदम पडतो आणि तो उकळायला लागतो. उकळायला उष्णता लागते, ती तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, यावरून त्याची ताकद कळेल. कॉइलवरून निवून आलेली हवा म्हणजेच तुमचं कूलिंग.

यातून हाताला कळण्याजोगी एक गोष्ट निघते. एसी नीट चालत असेल तर डॅशबोर्डकडून परत येणारा जाड पाइप थंड असतो, त्याला घाम आलेला असतो. कंडेन्सरकडून निघणारा बारीक पाइप कोमट ते गरम असतो. आणि कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा पाइप इतका तापतो की त्याला नुसतं बोट टेकवून लगेच मागे घ्यायचं. ही तीन ठिकाणं ओळखून ठेवा.

विचारपूस

मी पाच मिनिटं नुसता बोलतो. कूलिंग हळूहळू कमी झालं की एका दिवसात गेलं? हळूहळू गेलं तर गळती किंवा कचऱ्यानं भरलेला कंडेन्सर. एकदम गेलं तर बहुधा वीज: फ्यूज, रीले, कॉम्प्रेसरचा क्लच, नाहीतर तुटलेला बेल्ट किंवा दगड लागून फुटलेला कंडेन्सर. हवा कमी येते की हवा भरपूर आहे पण गार नाही? हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. हवाच कमी असेल तर गॅसचा विचार डोक्यातून काढा आणि आधी फिल्टर, ब्लोअर बघा.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम? मग पुढचा पंखा किंवा कंडेन्सर, हे बहुतेक ठरलेलं. डावीकडे गार आणि उजवीकडे कोमट? आतली झडप फिरवणारी मोटर, किंवा गॅस इतका कमी की कॉइलचा एकच कोपरा गार होतोय.

आणि एक तक्रार अशी आहे की जिच्यात नवशिके हमखास फसतात: "सुरुवातीला छान गार येतं, अर्ध्या तासानं बंद पडतं, थोडा वेळ थांबलं की परत सुरू." याला तीन वेगवेगळी कारणं आहेत, तिन्हींची लक्षणं वरवर सारखीच. त्यावर पुढे वेगळं लिहितो.

मोजमाप

"गार येत नाही" हे माप नव्हे. गाडी सावलीत उभी करा. काचा बंद, तापमानाची कळ पूर्ण गारवर, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर जोरात. इंजिन मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवून १० मिनिटं चालवा आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटरची दांडी खुपसा. काचा बंद करून इंजिन चालवायचं आहे, तेव्हा गाडी मोकळ्या हवेत असू द्या, बंद शेडमध्ये नको.

बाहेर ३० ते ३५ अंश असताना जाळीत ५ ते १० दिसले तर एसी ठीक आहे. १२-१३ असेल तर शंका घ्या, १५ च्या वर असेल तर बिघाड नक्की. दमट दिवसात आकडा दोन-तीन अंशांनी वर दिसतो, कारण कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. गाडीखाली टपटप पडणारं पाणी तेच. बाहेरचं तापमानही लिहून ठेवा, त्याच्याशिवाय आतल्या आकड्याला अर्थ नाही.

हेच माप इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सोडून परत घ्या. १५०० फेऱ्यांवर ८ आणि आयडलला १६ असा फरक पडला तर तुम्ही कंडेन्सर, पंखा, थकलेला कॉम्प्रेसर आणि थोडा कमी गॅस एवढ्यावर येऊन पोचलात. बाकी सगळं सुटलं.

हवा

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. फिल्टर बाहेर ठेवून एकदा ब्लोअर चालवून बघा. हवेचा जोर लगेच वाढला तर दुखणं तिथंच सापडलं.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो आणि खालच्या स्पीडना मुका, तर त्याचा रेझिस्टर जळालाय. त्याचा सॉकेटही बघा, पुष्कळदा वितळलेला असतो, आणि नुसता रेझिस्टर बदलला तर नवाही जळतो. डॅशबोर्डमागून टक-टक-टक असा आवाज एसी लावल्यावर काही सेकंद येत असेल तर झडपेच्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. ती झडप मध्येच अडकली की कूलिंग कॉइलची गार हवा आणि हीटरची गरम हवा एकत्र येते, आणि गेजवर सगळं उत्तम दिसूनही जाळीत १८ अंश! अशा वेळी बोनेटखाली जाड पाइपाला हात लावा. पाइप बर्फासारखा गार आणि आत हवा कोमट, म्हणजे गॅसचं चक्र ठणठणीत आहे. दोष हवेच्या वाटेत आहे. या एका स्पर्शानं कितीतरी गाड्यांचा फुकटचा गॅस वाचलाय.

कुबट वास आला तर कॉइलवर बुरशी. पुढच्या पायाशी चटई ओली असेल तर पाण्याची निचरा-नळी तुंबलीय. ती डॅशबोर्डखालून गाडीच्या बाहेर निघते, खालून मोकळी करता येते. ओलाव्याला गोडसर वास असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल तर ते एसीचं पाणी नाही, हीटरच्या कोअरमधून कूलंट गळतंय. त्याचा एसीशी संबंध नाही, पण लगेच बघायला हवं.

कॉम्प्रेसर लागतो का?

इंजिन चालू, कुणालातरी एसीचं बटण दाबायला सांगा आणि तुम्ही बोनेटपाशी उभे राहा. "टक्" असा आवाज येऊन पुलीच्या तोंडावरची चकती पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे. चकतीला पुलीशी चुंबकानं जोडणारा हा भाग म्हणजे क्लच. पुली नेहमीच फिरते, तिकडे बघून फसू नका; बाहेरची चकती बघा.

लागतच नाही? आधी फ्यूज. मग रीले: शेजारी तशाच नंबरचा रीले असेल तर अदलाबदल करून बघायला एक मिनिट लागतं. मग क्लचच्या वायरीचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. एसी चालू असताना तिथं बॅटरीएवढा व्होल्टेज येतो का? येत असेल आणि क्लच तरी लागत नसेल तर कॉइल तपासा. १२ व्होल्टच्या क्लच कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम असतो. मीटरने अनंत दाखवलं तर कॉइल तुटली. व्होल्टेज येतच नसेल तर गाडी स्वतःहून कॉम्प्रेसर रोखून धरतेय, आणि तिला तसं करायला कारण असतं: गॅस फार कमी झाल्यावर प्रेशर स्विच वीज तोडतो, इंजिन तापलं तरी तोडली जाते, कूलिंग कॉइलचा सेन्सर बिघडला तरीही.

इथं एक कळकळीची विनंती. प्रेशर स्विचच्या दोन वायरी जोडून कॉम्प्रेसर "चालवून बघण्याचा" प्रकार करू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल परत येत नाही, आणि कोरडा फिरलेला कॉम्प्रेसर आतून खरवडला जातो. ती चांदीसारखी भुकटी कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, आणि मग एका ओ-रिंगचं (सांध्यातल्या रबरी कडीचं) काम कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह एवढ्यावर जातं. असे कॉम्प्रेसर मी उघडलेत. आत काळं, चमचमतं तेल बघितलं की वाईट वाटतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह त्याची दाबण्याची ताकद कमी-जास्त करतो. तिथं टक् आवाजाची वाट बघू नका; स्कॅनर लावून एसीचा दाब आणि व्हॉल्व्हला दिलेला हुकूम बघणं हाच सरळ मार्ग.

कंडेन्सर आणि पंखा

एसी लावल्यावर पुढचा पंखा लगेच किंवा थोड्या वेळात सुरू झाला पाहिजे. सुरू झाला म्हणजे झालं, असंही नाही. जुन्या पंख्याची मोटर फिरते पण ओढत नाही. मी ग्रिलसमोर एक वर्तमानपत्राचा कागद धरतो. पंखा निरोगी असेल तर कागद ग्रिलला चिकटून राहतो, थकलेला असेल तर घसरून पडतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. थर्मामीटर जाळीत ठेवा, गाडी आयडलला, आणि कंडेन्सरवर साध्या पाण्याची हलकी फवारणी करा. दोन मिनिटांत आकडा पाच-सहा अंशांनी उतरला तर कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाहीये. गॅस, कॉम्प्रेसर यांच्याकडे बघायचं नंतर. आधी हवेची वाट मोकळी करा.

एक गाडी आठवते. तिचा एसी दोन ठिकाणी दाखवून झाला होता, दोन्हीकडे गॅस भरला होता. मालक वैतागलेला, मागच्या सीटवर लहान मूल घामानं निथळत होतं. पाण्याच्या फवारणीनं कूलिंग लगेच सुधारलं, पण कंडेन्सर समोरून लखलखीत स्वच्छ! पंखाही जोरात. मी ग्रिल काढलं आणि टॉर्च कंडेन्सरच्या वरच्या काठातून आत धरला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते. त्या फटीत रेडिएटरच्या तोंडावर धूळ, गवताचे तंतू, किड्यांचे पंख आणि बारीक केस यांचा थर बसला होता, करड्या लोकरीच्या घोंगडीसारखा, वरून खालपर्यंत सलग. पट्टीनं त्याचं टोक उचललं तर हातभर तुकडा एका अंगानं सुटून आला. समोरून हवा कंडेन्सरमध्ये शिरत होती, पण तिला मागे जायला जागाच नव्हती. साफ केल्यावर आयडलचा आकडा १७ वरून ९ वर आला. भरलेला जादा गॅसही नंतर काढावा लागला.

फट धुताना पाण्याचा जोर कमी ठेवा आणि आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर कंडेन्सरच्या पात्या कागदासारख्या वाकतात आणि वाकलेली पाती म्हणजे बंद झालेली खिडकी.

अर्ध्या तासानं बंद पडणारा एसी

मघाशी राहिलेली तक्रार. पहिलं कारण: कूलिंग कॉइलवर बर्फ. कॉइल शून्याजवळ आली की तिच्यातला सेन्सर कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवतो. सेन्सर जागेवरून सुटला किंवा चुकीचं तापमान सांगायला लागला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, कॉइलवर जमणारं पाणी गोठतं आणि पात्यांमधल्या फटी बंद होतात. दुसरं कारण: यंत्रणेत ओलावा शिरलाय. पाण्याचा कण एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात येऊन गोठतो आणि वाट अडवतो. एसी थांबला की वितळतो, पुन्हा सुरू. तिसरं कारण: क्लच. चकती आणि पुली यांच्यातली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलीमीटर असावी. झिजून ती वाढली की थंड असताना क्लच कसाबसा ओढला जातो, पण क्लचची कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक दुबळं पडतं आणि चकती सुटते.

तिघांना ओळखायचं ते एसी बंद पडलेला असताना, नंतर नव्हे. जाळीसमोर हात धरा. ब्लोअर जोरात ऐकू येतोय पण हवा झुळूकभर, तर बर्फ. गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबा, खाली नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पडेल. हवा भरपूर पण गरम असेल तर बोनेट उघडा. चकती फिरत नाहीये आणि कनेक्टरवर वीज मात्र येतेय, तर क्लच. चकती फिरतेय, हवाही भरपूर, तरी गरम, तर व्हॉल्व्हमधला ओलावा किंवा कचरा. अशा वेळी गेजवर लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा व्हॅक्यूमकडे (शून्याच्या खाली) सरकताना दिसतो.

या तिन्हींत गॅस भरणं हा उपाय नाही. ओलावा असेल तर गॅस मशीननं काढून ड्रायर बदलायचा, निवांत व्हॅक्यूम करायचा आणि मग भरायचा. क्लचची फट पुष्कळ गाड्यांत पातळ वॉशर काढून पुन्हा जुळवता येते.

आता गेज

आर-१३४एच्या गाडीत लो साइडचं तोंड १३ मिलीमीटरचं आणि हाय साइडचं, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचं, १६ मिलीमीटरचं असतं, त्यामुळे उलटं लावता येत नाही. पुष्कळ नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस असतो, त्याची तोंडं वेगळी, गेज वेगळं, मशीन वेगळं. तो थोडाफार पेटूही शकतो. बोनेटखालचं स्टिकर वाचल्याशिवाय काहीही जोडू नका.

इंजिन बंद असतानाचा दाब आधी वाचा. गाडी काही तास उभी असेल तर दोन्ही काटे सारखे असतात. आर-१३४ए साठी २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), ३० ला ९७, ३५ ला ११४. इथं मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, "९५ दाखवतोय, म्हणजे गॅस पूर्ण आहे." तसं नाही. आत द्रवाचा थोडासा अंश जरी शिल्लक असेल तरी दाब तापमानाप्रमाणेच दिसतो. ५०० ग्रॅम असो की २०० ग्रॅम, काटा तिथंच. सिलिंडर निम्मा रिकामा झाला तरी शेगडीची ज्योत तशीच राहते ना, तसंच. उभ्या गाडीचा दाब दोनच गोष्टी सांगतो: फार खाली असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, आणि त्या तापमानाच्या आकड्यापेक्षा बराच वर असेल, म्हणजे ३० अंशांना १२० वगैरे, तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय. दुसऱ्या बाबतीत सगळं काढून नव्यानं भरण्याला पर्याय नाही.

मग इंजिन चालू करून १५०० फेऱ्यांवर बघा. बाहेर ३० च्या आसपास असेल तर लो साइड साधारण २५ ते ४५ आणि हाय साइड १५० ते २५० च्या दरम्यान असते. कडक उन्हात हाय साइड आणखी वर जाते.

दोन्ही काटे खाली: गॅस कमी. दोन्ही वर: जादा गॅस, किंवा कंडेन्सरला हवा नाही. या दोन्हींत फरक करायला परत तीच पाण्याची फवारणी. हाय साइड धाडकन उतरली तर हवेचा दोष. लो वर आणि हाय खाली, इंजिनच्या फेऱ्या वाढवूनही काटे फारसे हलत नाहीत: कॉम्प्रेसर आतून थकला. लो साइड शून्याखाली: कुठंतरी वाट अडली. मग बारीक पाइपावरून हात फिरवत जा. जिथं गरम पाइप एकाएकी गार लागतो किंवा दव धरतो, अडथळा त्याच ठिकाणी. ड्रायरच्या एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार, असं सापडलं तर शोध संपला. लो वर असून जाड पाइप कॉम्प्रेसरपर्यंत दवानं पांढरा झाला असेल तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. असा एसी चालवू नका, द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो.

जुन्या ड्रायरवर काचेचा डोळा असायचा आणि त्यातले बुडबुडे बघून गॅस भरायचे. आर-१३४एला ती खूण भरवशाची नाही. बुडबुडे जाईपर्यंत भरलं तर बहुधा जास्तच होतं.

गळती

गॅस गळतो तिथं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. म्हणून आधी डोळ्यांनी काळपट, ओशट डाग शोधा: पाइपांचे सांधे, कॉम्प्रेसरचं तोंड, कंडेन्सरचा खालचा भाग, जिथं पाइप पत्र्याला घासतो ती जागा. मग गेज जोडायच्या तोंडांवरच्या टोप्या काढा आणि तोंडात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. आतला पिन-व्हॉल्व्ह गळत असेल तर फुगा येतो. ही इतकी छोटी गोष्ट आहे, पण मी कित्येक गाड्यांत गळती इथंच पकडलीय. टोप्या हरवलेल्या गाड्यांत तर हमखास. त्या टोपीत रबर असतं, ती धुळीसाठी नाही, सीलसाठी आहे.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर सांध्याच्या खालच्या अंगानं, अगदी सावकाश फिरवा. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, तो खाली उतरतो. कूलिंग कॉइलची गळती दिसत नाही, म्हणून ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं आणि डिटेक्टरचं टोक निचरा-नळीच्या तोंडाशी धरायचं. गळती फारच बारीक असेल तर तेलात मिसळायचा चमकता रंग घालून आठवडाभर गाडी चालवा, मग अतिनील टॉर्चखाली जागा हिरवट-पिवळी उजळते.

यंत्रणा पूर्ण रिकामी असेल तर मी कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत भरतो आणि सांध्यांना साबण लावतो. टायरच्या पंपाची हवा नको, तिच्यात ओलावा असतो. ऑक्सिजन तर कधीच नको, तेलाशी मिळून स्फोट होतो. "व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही" हेही पूर्ण खरं नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरून जेमतेम १५ पीएसआयचा दाब पडतो, एसी मात्र आतून २०० च्या वर चालतो.

गळती बंद करणारं रसायन आत सोडू नका. ते व्हॉल्व्हच्या छिद्रात जमतं, आणि ज्या मशीननं पुढे गॅस काढणार त्या मशीनचीही वाट लावतं.

भरताना

सांधा उघडला की ओ-रिंग नवी, एसीच्याच रबराची, आणि तिला कॉम्प्रेसरच्याच तेलाचं बोट. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायर नवा. निदान ३० ते ४५ मिनिटं व्हॅक्यूम. नुसती हवा जाऊन उपयोग नाही, आतलं पाणी त्या कमी दाबात उकळून बाहेर पडायला वेळ लागतो. मग स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस, वजनकाट्यावर. लहान गाडीत एकूण ४००-५०० ग्रॅमच असतो, तिथं ५० ग्रॅमची चूकसुद्धा जाळीतल्या आकड्यात दिसते. काढून टाकायचा गॅस हवेत सोडू नका. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबानं सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तो मशीननं ओढून बाटलीत भरता येतो, गाळून परत वापरता येतो. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरच्या गाडीत नेहमीचं पीएजी तेल चुकूनही घालू नका. तिथं विजेला रोखणारं पीओई तेल लागतं.

काम झालं की परत तेच मोजमाप: सावली, काचा बंद, १५०० फेऱ्या, १० मिनिटं. मी एका चिकटपट्टीवर पाच गोष्टी लिहितो: तारीख, बाहेरचं तापमान, जाळीतलं तापमान, लो, हाय. ती पट्टी बोनेटच्या आतल्या बाजूला, गॅसच्या स्टिकरशेजारी लावतो. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंगबद्दल शंका आली तर थर्मामीटर घ्या, बोनेट उघडा आणि आधी ती पट्टी वाचा.